गाडीत कोण बसतंय?

मल्लिनाथ मिस्त्री आवडतो असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मलाही तो कधी आवडला नाही. अशा माणसांबद्दल लिहायला बसलं की शेवटी शेवटी मन निवळतं म्हणतात. माझं निवळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जळकोट ओलांडलं की हायवेच्या डाव्या अंगाला त्याची शेड होती. वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा, आणि उघडी बाजू नेमकी पश्चिमेची. दुपार कलली की ऊन सरळ आत यायचं. आख्ख्या तालुक्याच्या गाड्या गार करणाऱ्या या माणसाच्या शेडमध्ये साधा पंखाही नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मी गारव्यात बसलो तर तुमचा उकाडा मला कसा कळंल?" ऐकायला हे फार मोठं वाटतं. एप्रिलात त्या पत्र्याखाली दोन तास काढा, मग किती मोठं वाटतं ते बघू.

साठी उलटलेला, उंच, वाळलेला माणूस. अंगात मनगटापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट, डावा डोळा गॅसकटिंगच्या ज्योतीकडं बघून बघून अर्धा मिटलेला. नमस्कार केला तर उत्तर नाही. "या, बसा" तर नाहीच नाही. गाडी आत घेतली की तो आधी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचा आणि विचारायचा, "गाडीत कोण बसतंय?"

गाडी कोणत्या सालची, एसी कधीपासून बंद, आधी कुणाला दाखवला, हे सगळं नंतर. आधी कोण बसतं ते सांगा. लोकांना याचा भयंकर राग यायचा. एकदा माझ्यासमोर एक गुत्तेदार, कामांची कंत्राटं घेणारा, आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, बोटांत अंगठ्या. "मिस्त्री, जरा गॅस भरा, उरकून टाका," म्हणाला.

"गाडीत कोण बसतंय?"

"मी बसतो. अजून कोण बसणार?"

"अन् मागं?"

"मागं कधीमधी आई बसती."

मिस्त्रीनं त्याला भर दुपारी मागच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या, एसी चालू केला आणि निवांत आपल्या कामाला लागला. पाव तासानं गुत्तेदार बाहेर पडला तेव्हा पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला होता. "मागं हवाच येत न्हाय की!"

"आईनं कधी सांगितलं न्हाय?"

"न्हाय."

"गॅस भरपूर हाय तुमचा. मागची नळी उंदरानं बुजवलीया. घरला गेल्यावर आईशी जरा बोलत जावा."

चार माणसांसमोर त्याचा असा पाणउतारा केला. गुत्तेदाराचा चेहरा बघून मला मनातून बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो. आपली पाळी आली नाही तोवर असल्या माणसाची गंमतच वाटते.

माझी पाळी आली ती शैलामुळं. शैला माझी बायको. त्याच्या दोन वर्षं आधी दिवाळीचं तळण चालू असताना कढई कलंडली आणि साडीनं पेट घेतला. गळा, छाती, पाठ, दोन्ही हात. सोलापूरच्या दवाखान्यात तिनं तीन महिने काढले. मांडीची कातडी काढून वर लावली. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "नव्या कातडीला घाम येत नाही. यांचं अंग आपलं आपण थंड होणार नाही. उन्हापासून जपा. आणि दर गुरुवारी व्यायामाला आणा, नाहीतर मान आणि हात आखडून जातील."

म्हणजे तिला उन्हात बाहेर न्यायचं नाही, आणि दर आठवड्याला तुळजापूरहून सोलापूरला न्यायचं. भाड्याच्या गाडीत ती बसायची नाही. ड्रायव्हर आरशातून गळ्याकडं बघतात म्हणायची. आमची स्वतःची गाडी म्हणजे जुना डबल केबिनचा पिकअप. मी कॉलेजात क्लार्क होतो, निवृत्तीनंतर तामलवाडीच्या शेताकडं ये-जा करायला घेतलेला. एसी होता, पण नावाला. तीन ठिकाणी गॅस भरून घेतला. प्रत्येक वेळी आठ दिवसांत उडाला. शेवटी कुणीतरी मल्लिनाथचं नाव सांगितलं. सांगताना तोही तोंड वाकडं करूनच सांगत होता.

"गाडीत कोण बसतंय?" त्यानं किल्ली खिशात टाकत विचारलं.

"घरची माणसं," मी म्हणालो.

"घरची म्हंजे कोण?"

"माणसंच. गाय-बैल नाही बसवत."

त्यानं अर्ध्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. मी का सांगावं? माझ्या बायकोचं दुखणं मी रस्त्याकडेच्या मिस्त्रीला का सांगत बसावं? तिच्याविषयी कुणी हळहळलं की मला चीड येते. तेव्हाही यायची.

काम त्याला येत होतं, यात वाद नाही. आधीच्या तिघांनी नुसता गॅस ओतला होता. यानं साबणाचा फेस घेऊन एकेक जोड तपासला आणि पायदानाखालच्या नळीत सुईएवढं भोक शोधलं. हीटरचा कॉक नीट बंद होत नव्हता, त्यातून गरम पाणी फिरत होतं, तो बदलला. सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. "एसी थंडी तयार करत न्हाय, साहेब. आतला उकाडा उचलून बाहेर टाकतंय. धुण्याचं पाणी कुठंतरी फेकावंच लागतंय का न्हाय? तसं हाय हे. फेकायला जागा ठेवा."

मग गाडीच्या तोंडापुढं जाऊन उभा राहिला. "ही काढावी लागंल."

पुढच्या जाळीवर पाटी होती. अडीच फूट लांब, फूटभर उंच, पितळी अक्षरांची: 'आई राजा उदो उदो'. शैला दवाखान्यात असताना मी देवीला बोललो होतो, ही वाचली तर तुझं नाव गाडीच्या तोंडावर मिरवीन. ती वाचली. मी पाटी करून घेतली आणि चार बोल्टांनी बसवली. तुळजापूरच्या गाडीवर आईचं नाव नसलं तर एरवीही लोक विचारतात, आणि ही तर नवसाची.

"ती निघणार नाही," मी म्हणालो.

"उकाडा भाईर पडायची जाळी हिच्याच मागं हाय. वारा लागला न्हाय तर उकाडा जाणार कुठं? गाडी पळतीया तवर भागंल. थांबली की भट्टी."

"नवसाची पाटी आहे ती."

"आई डोक्यावर असू द्या की. नाकावर कशाला बसवलीया?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. देवाधर्माचं काही आहे की नाही तुम्हाला, असं मी ओरडलोच. त्यानं बोट दाखवलं. शेडच्या कोपऱ्यात आईचा फोटो होता, ताजं फूल वाहिलेला. "म्या बी तिचाच हाय," तो म्हणाला. "पर तिच्या नावानं वाऱ्याची वाट अडवून ठिवली न्हाय." आणि पान्यानं चार बोल्ट सोडून पाटी माझ्या हातात दिली. बोल्ट कागदात गुंडाळून वर ठेवले. परतताना गाडी खरंच गार होती. पण माझं डोकं तापलेलं होतं.

घर चार वळणांवर असताना मी गाडी थांबवली आणि पाटी होती तशी बसवली. नवस फेडला आणि परत काढून घेतला, असं कसं करायचं? शिवाय तो कोण मला सांगणार? हे दुसरं कारण जास्त खरं होतं.

पहिले दोन गुरुवार झकास गेले. आम्ही पहाटे निघायचो, ऊन चढायच्या आत परत यायचो. गाडी गार. मी मनात म्हणालो, बघ मिस्त्री, आई नाकावर बसूनही गारवा देते.

तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरांना उशीर झाला. निघायला दुपारचा एक वाजला. तामलवाडीच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूनं गाड्या सोडत होते. आम्ही रांगेत उभे राहिलो. एसीची हवा आधी कोमट झाली, मग गरम. मी विचारलं, "बरं आहे ना?"

"बरं हाय," शैला म्हणाली.

काच उघडली तर बाहेरून झळ आत. काच लावली तर आत भट्टी. थोड्या वेळानं परत विचारलं. "बरं हाय." तिसऱ्यांदाही "बरं हाय." चौथ्यांदा ती बोलली नाही. वळून बघतो तो तोंड लालबुंद, डोळे अर्धे उघडे आणि कातडी कोरडी ठणठणीत. मी रांग मोडली, उलट्या बाजूनं गाडी काढली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेतावर आलो. जनावरांच्या हौदाजवळ तिला आडवं केलं आणि बादलीनं पाणी ओतत राहिलो. किती बादल्या ओतल्या आठवत नाही. ती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "बरं हाय मला."

त्या रात्री ती घरी नीट झोपली. मला मात्र एकच सुचत होतं: मिस्त्रीला गाठायचं. माणसाची स्वतःची चूक जेवढी मोठी, तेवढा त्याचा आवाज मोठा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये शिरलो तोच ओरडत. काम कच्चं केलंत, माणूस मेलं असतं, फसवता लोकांना. काय काय बोललो.

तो उठला. गाडीच्या पुढं गेला. पाटी बघितली. गाडीची किल्ली काढली, पण खिशात न टाकता माझ्यापुढं धरली. "चालते व्हा."

"अहो, माझी बायको मरता मरता वाचली!"

"बायको?" त्याचा हात थांबला. "ती बसती गाडीत?"

मग मी सगळं सांगितलं. कढई, कातडी, घाम, गुरुवार, तामलवाडी. मला वाटलं, आता तरी हा माणूस चुकचुकेल. तो आणखी भडकला. "पहिल्या दिशीच इचारलं होतं का न्हाय? गाय-बैल न्हाय बसवत म्हणालाव! तुमची अक्कल चरायला गेलती का, साहेब? मी गुत्तेदारासारख्या धडधाकट माणसाच्या हिशेबानं काम केलं, अन् तुमी असलं माणूस आत बसवलं?" शेडमधली सगळी माणसं बघत होती. "आता तुमचं काय बी ऐकणार न्हाय मी. बसणाऱ्या माणसाला घेऊन या. त्येंच्या तोंडनं ऐकतो, मग हात लावतो."

मी जाणार नव्हतो. पण घरी आल्यावर शैलाला चिडून सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "जाऊया की." दोन वर्षांत डॉक्टरांशिवाय परक्या माणसासमोर ती गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही शेडवर पोचलो. तिनं पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळला होता. मी तिच्या वतीनं बोलायला लागलो, तर मिस्त्री म्हणाला, "तुमी भाईर थांबा." मी तिथंच उभा राहिलो. तो तिच्याकडं वळला.

"पदर काढा, ताई. कळू द्या मला."

तिनं काढला. लोक एकतर गळ्याकडं टक लावून बघतात, नाहीतर घाईनं नजर फिरवतात. त्यानं यातलं काही केलं नाही. गाडीचा जोड बघावा तसं बघितलं. "हितं घाम येतो?"

"न्हाय."

"हितं?"

"न्हाय. कपाळाला येतो. पायाला येतो."

"अन् वाऱ्याचं तोंड पायाकडं ठिवलंय! कपाळाला बी वारा कशाला? जिथं घाम न्हाय तिथं वारा पायजे. गरम आधी कुठं व्हतंय?"

"मानेच्या मागं. मग कानात धुकधुक होतं, मामा. मग डोळ्यापुढं पिवळं दिसतं."

हे मला माहीत नव्हतं. कान नाही, पिवळं नाही. दोन वर्षं मी रोज तिच्या शेजारी होतो.

"अन् मग गाडी थांबवा का म्हणत न्हाय? वल्लं फडकं कुठं हाय? पाण्याचा कॅन कुठं हाय? येड्या हाव का तुमी?"

मी पुढं सरलो. माझ्या बायकोशी या आवाजात बोलायची कुणाची टाप नव्हती. पण शैला हसली. खुदकन हसली. नंतर मला म्हणाली, "सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलल्यासारखं बोलतात. त्यांनी सरळ खडसावलं." मला हेवा वाटला. राग नाही, हेवाच.

मिस्त्रीनं गाडीच्या तोंडाकडं बोट केलं. "पाटीचं काय करायचं?"

मी म्हणालो, "नवस..."

"नवस यांचा हाय," शैला म्हणाली. माझ्याकडं न बघता, त्याला. "उकाडा मला होतोय. काढा."

ते वाक्य मला अजून टोचतं. पाटी तिच्यासाठी लावली असं मी सगळ्या गावाला सांगत होतो. तिला विचारलं नव्हतं.

आधी पाटी निघाली, मग दुपारपर्यंत काम चाललं. शेडच्या मागं लिंबाच्या झाडाखाली त्यानं बाज टाकली, चारही बाजूंना ओली गोणपाटं बांधली, स्वतःचा माठ तिच्या उशाशी ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी तिकडं तोंड करून ओरडत राहिला, "ताई, पाणी मारलं का अंगावर? मला काय तेवढंच काम हाय का?" गाडीच्या जाळीपुढं त्यानं आणखी एक पंखा बसवला. टपाच्या आतून फोमचे जाड पत्रे चिकटवले. मागच्या काचेचं फाटलेलं रबर बदललं. समोरच्या झरोक्याला नळी जोडून तिचं तोंड डाव्या सीटच्या मानेमागं आणलं. दर वेळी माझ्या अंगावर खेकसत होता: पाना धरा, उन्हात उभं ऱ्हाऊ नका, मधे येऊ नका. मी सगळं मुकाट्यानं केलं.

एक वाजला. मी ड्रायव्हरच्या सीटकडं निघालो, तर त्यानं दार अडवलं. "तुमी न्हाय. मी न्हेतो. नळदुर्गापतुर जाऊन येतो."

"माझ्या बायकोला एकटीला तुमच्याबरोबर?"

"तुमी शेजारी बसलाव की त्या 'बरं हाय' म्हणत्यात," तो म्हणाला. "मला खरं पायजे."

मी शैलाकडं पाहिलं. ती आधीच गाडीत बसत होती.

गाडी गेली आणि मी त्या शेडमध्ये लोखंडी स्टुलावर बसलो. पश्चिमेचं ऊन अजून आत आलं नव्हतं, तरी पत्रा वरून तापत होता. मनात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाला शिव्या घातल्या, तिला घातल्या. मग उकाड्यानं शिव्याही सुचेनात. कपाळावरून, पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. मला निदान घाम येत होता. वारा सुटला की त्या घामावर गार लागत होतं. दोन वर्षं तिला एवढंही नव्हतं आणि ती "बरं हाय" म्हणत होती, कारण मी विचारतानाच "बरं आहे ना" असं विचारत होतो. तिथं बसून मी रडलो. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

तासाभरानं गाडी आली. हळू आली, शेडपासून लांब, सावलीत उभी राहिली. इंजिन चालूच होतं. मी धावलो. शैलाची मान एका बाजूला कलली होती, डोळे मिटलेले. मी काचेला तोंड लावलं. तिची छाती संथ वरखाली होत होती, ओठ जरासे उघडे होते. झोपली होती. भाजल्यापासून दिवसा तिला कधी डोळा लागला नव्हता.

मिस्त्री उतरला. माझ्याजवळ आला. आता काय ऐकून घ्यावं लागतंय म्हणून मी अंग आवळून उभा राहिलो. आभाराचे दोन शब्द जुळवले होते. तो माझ्या कानाशी वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "दार आपटू नका."

मी चढलो, दार ओढून घेतलं, दाबून बंद केलं. हायवेला लागताना आरशात बघितलं तर एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत शेडकडं वळत होता आणि मल्लिनाथ मिस्त्री दोन्ही हात वर करून त्याच्या अंगावर धावत निघाला होता. भोंगा बंद झाला. नंतर तिकडं जायची गरज पडली नाही. गाडी अजून गार आहे. मी त्याला पाहिलं ते तेवढंच शेवटचं. तुळजापूर येईपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.